मॅनुला जंक्शनवरचा अबोला

मोरेश्वर उकिडव्यांना आपली बायको हरवल्याचं शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कळलं, आणि तेही तिकीट तपासनिसाने सांगितलं म्हणून. त्याआधी पंधरा मिनिटं त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती. पण ती रिकामी आहे हे पाहायला मान वळवावी लागली असती, आणि मान वळवली असती तर आपण तिच्याकडे बघतोय असं तिला वाटलं असतं. तसं वाटू द्यायचं नाही, हे त्यांनी डब्लिनला गाडीत बसतानाच ठरवलं होतं. म्हणून ते खिडकीला नाक लावून बसले होते. बाहेर तपकिरी दलदलीचं माळरान होतं, त्यावर पांढरं दव गोठलेलं, दोन-तीन मैलांवर एखादं घर आणि घराबाहेर एकही माणूस नाही. अशा मुलखाकडे तीन तास एकटक बघायला माणूस एक तर कवी लागतो नाही तर रुसलेला. मोरेश्वर कवी नव्हते.

तपासनीस लाल गालांचा, चाळिशीतला माणूस होता. त्याने तिकीट मागितलं. मोरेश्वरांनी, मान न वळवता, अंगठ्याने शेजारची सीट दाखवली. दोघांची तिकिटं सुलेखाबाईंच्या फोनमध्ये होती.

तपासनिसाने रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तुम्ही बॅलिनाचे ना, असं विचारलं. मोरेश्वर हो म्हणाले. त्यावर तो म्हणाला की ही गाडी वेस्टपोर्टला चालली आहे. बॅलिनाला जायचं तर मॅनुला जंक्शनला गाडी बदलावी लागते, आणि मॅनुला केव्हाच मागे पडलं.

“तुमच्या मिसेस उतरल्या की तिथे,” तो म्हणाला. “मीच त्यांची बॅग पलीकडच्या गाडीत चढवून दिली. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?”

मोरेश्वरांनी मान वळवली. सीटवर कुणी नव्हतं. बॅग नव्हती, शाल नव्हती, पुऱ्यांचा डबाही नव्हता.

“आम्ही बोलत नाही,” ते म्हणाले.

असलं काही ऐकल्यावर माणूस सटकतो. हा समोरच्या सीटवर बसला. “माझे आईवडील अकरा वर्षं बोलले नाहीत,” तो म्हणाला. “त्या अकरा वर्षांत आम्ही तीन भावंडं झालो. होईल सगळं ग्रँड.”

उकिडव्यांच्या घरात अबोला ही काही नवी गोष्ट नव्हती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तो मुरला होता. सुलेखाबाई अबोल्यातही ताट वेळेवर वाढायच्या, मोरेश्वर अबोल्यातही दळण आणायचे. फक्त जे बोलायचं ते तिसऱ्याकडून. चिपळूणला हे काम शेजारच्या वीणावहिनी करायच्या, आणि त्याआधी लहानपणी त्यांची लेक कौमुदी. कौमुदीची पहिली पूर्ण वाक्यं “आई विचारतेय” नाहीतर “बाबा म्हणतायत” अशी सुरू झाली होती. जो आधी बोलेल तो हरला, एवढं मात्र नक्की होतं. आणि मोरेश्वर आजवर एकदाही हरले नव्हते. दर वेळी दीड दिवसाच्या आत सुलेखाबाईंनाच काहीतरी इतकं मजेदार आठवायचं की सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

या वेळी दीड दिवस उलटून गेला होता.

त्याचं कारण गुरुवारी संध्याकाळी डब्लिनच्या सँट्री भागात, कौमुदीच्या फ्लॅटवर घडलं होतं. उकिडवे पतिपत्नी डिसेंबरात तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. यायच्या आधी सुलेखाबाईंनी बासष्टाव्या वर्षी चिपळूणला इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला होता. कॉलेजच्या मुलींबरोबर आठ महिने, पावसाळ्यातला एक दिवसही न चुकवता. आणि त्या गुरुवारी सकाळी त्यांनी कुणाच्याही मदतीशिवाय दाताच्या डॉक्टरांकडे फोन करून स्वतःसाठी वेळ घेतली. फोन ठेवल्यावर त्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा होता.

संध्याकाळी कौमुदीने चार मराठी जोडपी जेवायला बोलावली होती, सगळी पुण्या-मुंबईची, कंपन्यांमधून काम करणारी. मोरेश्वर चौतीस वर्षं एस.टी.त होते, चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक. माईकवर गेलेलं आयुष्य, त्यामुळे आवाजाचा सराव होता आणि नकला उत्तम करायचे. पाहुणे हसताहेत म्हटल्यावर त्यांनी सकाळच्या फोनची नक्कल केली. सुलेखाबाईंचा आवाज, पलीकडच्या मुलीचा आवाज, मधे थांबायला लावतात तेव्हा वाजणारं संगीतसुद्धा. आठही पाहुणे पोट धरून हसले. सुलेखाबाईही हसल्या. मग त्यांनी आत जाऊन श्रीखंड आणलं, सगळ्यांना वाढलं, मोरेश्वरांनाही वाढलं, आणि तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

शनिवारी लग्नाचा एकेचाळिसावा वाढदिवस होता. कौमुदीने त्यासाठी महिनाभर आधीच बॅलिनाला नदीकाठचं हॉटेल दोन रात्रींसाठी घेऊन ठेवलं होतं. शनिवारी पहाटे ती दोघांना स्टेशनवर सोडायला आली, तेव्हा उणे दोन तापमान होतं. मोरेश्वरांनी घरूनच तपकिरी कानटोपी घातली होती, हनुवटीखाली बटण लावून. मॅनुलाला गाडी बदलायची आहे, हे कौमुदीने दोघांना दोनदा सांगितलं. सुलेखाबाईंनी मान हलवली. मोरेश्वरांनीही हलवली. समोरच्याचं न ऐकता नेमक्या वेळी मान हलवायची कला चौकशीच्या खिडकीमागे चौतीस वर्षं बसल्यावर येतेच.

गाडीत पहिला दीड तास ठीक गेला. अ‍ॅथलोनला शॅनन नदीवरचा मोठा पूल ओलांडला आणि मोरेश्वरांना तहान लागली. पाणी सुलेखाबाईंच्या पिशवीत. चिपळूण असतं तर वीणावहिनींना हाक मारली असती. इथे समोरच्या सीटवर नुकतीच एक आयरिश आजी येऊन बसली होती, नोरा नावाची, लाल लोकरी कोट घातलेली. सुलेखाबाईंशी तिच्या दहा मिनिटांत गप्पाही सुरू झाल्या होत्या. मोरेश्वरांनी घसा साफ केला आणि नोराला इंग्रजीत विनंती केली की कृपया माझ्या शेजारच्या बाईंना सांगावं, पाण्याची बाटली द्या.

नोराने त्यांना ते वाक्य दोनदा परत म्हणायला लावलं. कळल्यावर तिने सुलेखाबाईंकडे पाहिलं. सुलेखाबाईंनी तिला दोन मिनिटांत सगळं समजावून सांगितलं. अबोला काय असतो, किती दिवस झाले, आधी बोलणारा कसा हरतो. नोराने एकही वाक्य परत विचारलं नाही. ही गोष्ट मोरेश्वरांच्या लक्षात आली, पण तिचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

नोराला हे काम फारच आवडलं. बाटली आली. मग पुऱ्या निघाल्या, तिखटमिठाच्या, सोबत लिंबाचं लोणचं. नोरानेही दोन खाल्ल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत तिसरी घेतली. मोरेश्वरांनी आणखी एक पुरी मागितली. नोरा सुलेखाबाईंकडे वाकून म्हणाली, “ते म्हणतात, ही निळी शाल तुम्हाला फार शोभते, आणि अजून एक पुरी मिळेल का?”

मोरेश्वरांनी शालीबद्दल काही म्हटलं नव्हतं. तसं सांगायचं तर नोराला सांगावं लागलं असतं, आणि मग ते सुलेखाबाईंनी ऐकलं असतं. सुलेखाबाईंनी नोराकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि त्यांच्या हातावर तीन पुऱ्या ठेवल्या.

क्लेअरमॉरिसला नोरा उतरली. दोघांचे हात हातात घेऊन तिने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि ती गेली. तिच्याबरोबर टपालखातंच बंद झालं. पुढचं स्टेशन मॅनुला होतं. तिथे शेजारी काहीतरी हालचाल झाली, एवढं मोरेश्वरांना जाणवलं. त्यांना वाटलं, बाथरूमला गेली असेल. कुठे चाललीस, असं विचारणं शक्य नव्हतं.

तर अशा रीतीने ते बायकोशिवाय वेस्टपोर्टला पोचले. तपासनिसाने त्यांना नीट समजावून दिलं होतं. हीच गाडी तासाभराने परत फिरते, मॅनुलाला उतरायचं, पलीकडे बॅलिनाची छोटी गाडी उभी असते, तीत बसायचं. तोवर ते वेटिंग रूममध्ये बसले. समुद्रावरून वारा येत होता आणि गावामागचा डोंगर वरपासून खालपर्यंत पांढरा झाला होता.

फोन खिशात होता. स्टेशनवर वाय-फाय होतं. सुलेखाबाईंना फोन करणं ही दोन मिनिटांची गोष्ट होती, पण फोन म्हणजे बोलणं. मेसेज म्हणजे बोलणं होतं का, यावर त्यांनी पाच मिनिटं विचार केला, आणि होतं असं ठरवलं. मग त्यांना मार्ग सुचला. ‘उकिडवे परिवार’ नावाच्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं होती आणि सकाळपासून वाढदिवसाच्या शुभेच्छा चालल्या होत्या. ग्रुपवर लिहिलं तर ते कुणा एकाशी बोलणं होत नाही. त्यांनी लिहिलं, “सूचना. मॅनुला जंक्शन येथे आमची चुकामूक झाली आहे. बॅलिनाकडे गेलेल्या प्रवाशांनी आपली खुशाली कळवावी. बाकी सर्व ठीक.”

त्यांना वाटलं होतं, ज्याला कळायचं त्याला कळेल. पण भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते, चहाची वेळ, आणि सगळे फोन हातात. पुण्याची बहीण उर्मिला हिने सगळ्यात आधी वाचलं. तिने “दादा, वहिनी कुठे आहे” असं विचारलं आणि खाली रडणारे तीन चेहरे टाकले. दापोलीच्या विसूकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ते हल्ली अक्षरं वाचत नाहीत, चेहरे बघतात. रडणारे चेहरे दिसले की त्यांच्याकडे तेवत्या दिव्याचं एक चित्र तयार असतं. ते त्यांनी टाकलं. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

विसूकाका घराण्यात सगळ्यात मोठे. त्यांनी दिवा लावला म्हटल्यावर नक्की काय झालं हे विचारणं इतरांना बरं वाटलं नाही. पाच मिनिटांत आणखी सहा दिवे आले. त्याच वेळी अमेरिकेतली मंडळी नुकतीच उठत होती आणि वरचं काही न वाचता केक पाठवत होती. केक, दिवा, दिवा, केक, फुलांचा गुच्छ, परत दिवा. कुणीतरी विचारलं की मोरूभाऊंजवळ आत्ता कोण आहे. कुणीतरी लिहिलं की सुलेखाकाकूंच्या हातची आमटी जन्मात विसरणार नाही.

मोरेश्वर बोटांनी भराभरा “गैरसमज नसावा” असं लिहू पाहत होते, पण बोटं गारठलेली. ग-ला वेलांटी लागत होती. तेवढ्यात पुतण्याचा मेसेज आला. “काकू किती छान बोलायच्या.”

बायको वीस मैलांवर आहे, तिच्याजवळ पुऱ्या आहेत आणि ती आपल्यावर रागावलेली आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यात शंकेला जागा नव्हती. तरी ते त्या चार शब्दांशी थांबले. गुरुवार रात्रीपासून घरात आणि गाडीत जे काही ऐकू येत होतं, ते चमचे, नळ आणि गाडीचा आवाज एवढंच होतं. त्यांनी कानटोपीचं बटण काढलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुलेखाबाईंना फोन लावला.

फोन लागला नाही. त्यांनी परत लावला. सात वेळा लावला. मग गाडी सुटायची वेळ झाली.

गाडीत बसल्यावर ग्रुपवर सुलेखाबाईंचा मेसेज आला. “मी जिवंत आहे. दिवे बंद करावेत. केक चालतील.” मोरेश्वरांनी तो वाचला, मोठा श्वास सोडला, खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तेच माळरान होतं पण आता बरं दिसत होतं. आणि जीव भांड्यात पडल्यावर दुसऱ्याच मिनिटाला त्यांच्या मनात आलं की त्रेचाळीस जणांना लिहिलंन, पण सात फोन करणाऱ्याला नाही. ठीक आहे. बघू.

मॅनुलाला ते उतरले. पलीकडे बॅलिनाची दोन डब्यांची गाडी उभी होती आणि तिच्यासमोर, निळी शाल डोक्यावरून घेऊन, बॅग पायाशी ठेवून सुलेखाबाई उभ्या होत्या. नवऱ्याला आणायला त्या बॅलिनाहून उलट आल्या होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मधे पंधरा पावलांचं अंतर होतं.

आता दोघांनी त्या छोट्या गाडीत बसायचं, इतकंच बाकी होतं. मोरेश्वरांच्या मनात होतं, ही आत गेली की मागोमाग जाऊ. सुलेखाबाईंच्या मनात होतं, मघाशी मी पुढे गेले आणि हे मागे राहिले, तर या वेळी हे आधी चढू देत. दोघं उभी राहिली. डब्लिनची गाडी सुटली. बॅलिनाच्या गाडीने पिप् पिप् असा आवाज केला. सुलेखाबाईंनी मोरेश्वरांकडे पाहिलं. मोरेश्वरांनी दाराकडे पाहिलं. दार मिटलं आणि तीही गाडी गेली.

मग मोरेश्वरांनी आजूबाजूला पाहिलं. लांब फलाट, काचेचा एक आडोसा, एक बाक, आणि चारी बाजूंना गोठलेली कुरणं. बाहेर पडायचा रस्ता शोधला तर रस्ताच नव्हता. हे स्टेशन फक्त गाडी बदलण्यापुरतं होतं, इथे गावातून कुणी येत नाही आणि इथून कुणी गावात जात नाही. चौतीस वर्षांत त्यांनी बिनपाण्याचे, बिनछपराचे स्टँड पाहिले होते. बिनरस्त्याचा पहिल्यांदा पाहिला. वेळापत्रकाप्रमाणे पुढची गाडी पावणेतीन तासांनी होती.

दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. बाक बर्फासारखा गार होता. वीणावहिनी नाही, नोरा नाही, तपासनीस नाही. कुंपणापलीकडे एक मेंढी मात्र होती, पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा असलेली, रवंथ करत यांच्याकडे बघणारी.

थोड्या वेळाने सुलेखाबाई मेंढीला म्हणाल्या, “मी उठून स्पष्ट सांगितलं होतं, बॅलिनाला जाणाऱ्यांनी इथे उतरायचंय म्हणून. पण काही माणसं कानटोपी घातली की देवाचंसुद्धा ऐकत नाहीत.”

मोरेश्वर मेंढीला म्हणाले, “खांद्याला हात लावून सांगता आलं असतं. हात लावणं म्हणजे बोलणं नव्हे.”

मेंढीने दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून निघून गेली.

तेवढ्यात सुलेखाबाईंचा फोन वाजला. कौमुदीचा व्हिडिओ कॉल होता. दिवे तिच्यापर्यंत पोचले असणार. दोघांच्या मनात एकच भीती आली. पोरीने हौसेने पाठवलं, आणि आपण भांडून रानात बसलोय हे तिला कळता कामा नये. मोरेश्वर सरकत सरकत सुलेखाबाईंच्या टोकाला आले. सुलेखाबाईंनी फोन दोघांसमोर धरला आणि दोघं हसली.

शनिवार असूनही कौमुदी ऑफिसात होती. विसूकाकांनी हे काय चालवलंय, असं तिने विचारलं. विसूकाकांच्या डोळ्यांचं सांगून झालं. हॉटेल कसंय, तिने विचारलं. दोघं एकदम छान म्हणाली. खोली कशीय? प्रशस्त, मोरेश्वर म्हणाले. हवा खेळती, सुलेखाबाईंनी भर घातली. कौमुदी स्क्रीनजवळ आली.

“बाबा, तुमच्यामागे मेंढी का आहे?”

मेंढी परत आली होती.

“अगं, सांग ना तिला,” मोरेश्वर सुलेखाबाईंना म्हणाले. आणि त्याच क्षणी सुलेखाबाई त्यांना म्हणाल्या, “अहो, तुम्ही सांगा ना.”

दोघं थबकली. फोनमधून कौमुदी हॅलो हॅलो करत होती. सुलेखाबाईंनी तिला सांगितलं की हॉटेलवाल्यांनी पाळली आहे, आणि फोन बंद केला.

“तुम्ही आधी बोललात,” त्या म्हणाल्या.

“दोघं एकदमच बोललो.”

“‘अगं’ आधी आलं. मग ‘अहो’.”

मोरेश्वर म्हणाले की तसंच धरायचं तर आपण सकाळीच सात फोन केले होते, मग हरायचं राहिलंय कुठे. सुलेखाबाई म्हणाल्या की गाडी तळ्याकाठाने जात होती, रेंज नव्हती, आणि मिस्ड कॉल बोलण्यात धरत नाहीत. पण मग त्यांनी फोन उघडून ते सातही फोन पाहिले, एकाखाली एक. डबा काढला, मधे ठेवला आणि त्यांच्या हातावर पुरी ठेवली.

आणि मग बांध फुटल्यासारख्या त्या बोलायला लागल्या. दोन दिवसांचं साचलेलं होतं. बॅलिनाच्या गाडीतला कुत्रा, त्याच्या मालकाचा पायमोजा, स्टेशनवरच्या बाईने चहाचे पैसे घेतले नाहीत ते, सगळं. बोलता बोलता त्यांनी मोरेश्वरांनी नोराकडे पाणी मागितलं ते करून दाखवलं. मान ताठ, नाक खिडकीकडे, भुवया वर, आणि प्रत्येक शब्द जणू एस.टी.च्या माईकवरून. मग तपासनिसाला अंगठ्याने सीट दाखवली असेल ती. ती त्यांनी पाहिलेलीही नव्हती, तरी हुबेहूब तशीच दाखवली. मग शिंक येण्याआधीचे मोरेश्वर. मग विजेच्या बिलाशी भांडणारे मोरेश्वर.

मोरेश्वर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर त्यांनी विचारलं, “हे तू कधी शिकलीस?”

“शिकायचं काय त्यात. लग्न झाल्यापासून करते.”

“कुणासमोर?”

“वीणासमोर. आमच्या भिशीत. दर महिन्याला मागणी असते हो तुम्हाला. गेल्या खेपेला कौमुदीने फोनवरून ऐकली.”

चिपळूणला रस्त्यात भेटल्यावर भिशीतल्या बायका आपल्याकडे बघून इतक्या प्रसन्न का हसतात, याचं त्यांना बरीच वर्षं कौतुक वाटत होतं. लोकप्रियता म्हणून त्यांनी ते मनात जपलं होतं.

“म्हणजे एकेचाळीस वर्षं तू माझी नक्कल करतेस,” ते म्हणाले, “आणि मी एकदा तुझी केली तर दोन दिवस अबोला.”

सुलेखाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “मी तुमच्यामागे करते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माझ्यासमोर केलीत. आणि मला ते पहिल्यांदा नीट जमलं होतं, त्याच दिवशी केलीत.”

मोरेश्वरांनी खिशातली कानटोपी काढून सुलेखाबाईंच्या डोक्यावर चढवली, कारण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनीही ती चढवू दिली. मग त्या परत कुत्र्याच्या मालकाकडे वळल्या, कारण ती गोष्ट अर्धी राहिली होती.

पावणेतीन तास कसे गेले ते कळलं नाही. गाडी आली तेव्हा तिच्यातून तोच लाल गालांचा तपासनीस उतरला. बाकावर दोघं हातवारे करत एकाच वेळी बोलत होती. गाडी आल्याचं एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याने घड्याळ पाहिलं, मग बॅग उचलून त्यांच्यासमोर धरली. बॅलिनापर्यंत सुलेखाबाई बोलत होत्या. हॉटेलच्या जिन्यात बोलत होत्या. नदी दाखवायला आलेल्या मॅनेजरशी त्या इंग्रजीत बोलल्या, आणि मोरेश्वर बाजूला उभे राहून ऐकत होते. चांगलं बोलत होत्या. मोरेश्वरांनी कौमुदीला फोन करून तसं सांगितलंही.

बायकोला सांगायचं मात्र राहिलं. त्या रात्री त्यांनी मनात वाक्य जुळवलं. सकाळी नाश्त्याला ते म्हणाले, “सुलेखा, गुरुवारचं ते,” आणि त्या म्हणाल्या, “जॅम घ्या, छान आहे.” परतीच्या गाडीत म्हणाले, “मी काय म्हणत होतो,” तोवर नोराचा फोन आला, तिने नंबर घेतला होता. सँट्रीला एकदा स्वयंपाकघरात दोघंच होती, वेळ चांगली होती, ते घसा साफ करत होते आणि सुलेखाबाईंनी त्यांच्या घसा साफ करण्याची नक्कल केली. त्यांना हसू आलं आणि ते तसंच राहिलं.

याला आता तीन आठवडे होत आले. चिपळूणला परतायला नऊ दिवस उरले आहेत. घरात दिवसभर सुलेखाबाईंचा आवाज आहे, आणि त्यात मधे एक वाक्य घालायला जागा सापडत नाही अशी मोरेश्वरांची तक्रार आहे. माफी मागायची अजून राहिली आहे.